जाधव साहेबांची टिचकी

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ड्रॉवरच्या कोपऱ्यातल्या चिल्लरीसारखे ते साचत जातात. विठ्ठलवाडीच्या शाखेतले माझे बहुतेक किस्से हेड कॅशियर जाधव साहेबांचे.

जुनी नोट परत बाजारात जाईल की नाही, हे साहेब कानाने ठरवायचे. नोट कानाशी धरून टिचकी मारायची. कडक आवाज आला तर 'इश्यू', नाहीतर 'नॉन-इश्यू'. "थकलेल्या नोटेला परत रस्त्यावर पाठवायचं नाही, मॅडम," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

*

ही सवय घरीही जायची. बदलापूरला पुतणीच्या लग्नात साहेब आहेराची पाकिटं उघडायला बसले. नवऱ्या मुलाच्या मामांची नोट कानाशी धरली आणि भर मांडवात म्हणाले, "ही नॉन-इश्यू. दुसरी द्या."

त्यानंतर साहेबांच्या मिसेसनी त्यांना लग्नात फक्त पंगतीला बसू दिलं.

*

दिवाळीनंतर जवळच्या कॅम्प एकच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून पूजेतल्या कुंकवाने लाल झालेल्या नोटा यायच्या. एक शेठ भडकले, "साहब, लक्ष्मी को रिजेक्ट करोगे?"

"रिजेक्ट नाही शेठ, रिटायर करतोय."

*

एकदा मासेवाल्या मावशींच्या ओल्या नोटा साहेबांनी टेबलावर वाळत घातल्या. शिपायाने आल्या आल्या सवयीने पंखा फुल केला. अख्खी शाखा नोटांमागे धावली. मावशी तेवढ्या शांत बसून होत्या. "माजं बोंबीलबी एवडं उडत नाय," म्हणाल्या.

*

मग नोटा निवडायचं मशीन आलं. त्याने पास केलेल्या नोटांनाही साहेब हळूच टिचकी मारायचे. आम्ही हसायचो. आज त्या आवाजाची फार आठवण येते.

*

साहेबांच्या रिटायरमेंटला थोडे दिवस उरले असताना चिखलोलीहून एक आजी आल्या. त्यांनी शंभराची नोट पुढे केली. घडीवर विरलेली, पार मऊ पडलेली.

"ह्यांच्या शेवटच्या पगारातली हाय. कंपनी बंद झाली, मागनं हे पन गेलं. नातू म्हनतो, ही नोट आता मेली. मला बदलून नको. निस्तं सांगा, चालते ना?"

मला उत्तर दिसत होतं. साहेबांचा नियमही माहीत होता. आजींकडे बघवेना.

साहेबांनी नोट कानाशी धरली. टिचकी मारली. नोट कापडासारखी लवली.

"चालते, आजी. एकदम खणखणीत आहे."

आजी नोट पदराच्या गाठीत बांधून गेल्या. मी म्हटलं, "साहेब, आवाज तर आलाच नाही."

त्यांनी पुढचं बंडल ओढलं.

"तुम्हाला नाही आला?"