बिब्बा उतला

आमच्याकडे बिब्बा कशावरही लावतात. गुडघा दुखला, लाव बिब्बा. टाचेला भेग पडली, लाव बिब्बा. तो सोसला नाही की कातडी फुगते, पाणी सुटतं, खाजून जीव जातो. याला ‘बिब्बा उतला’ म्हणतात. लहानपणी मलाही उतला होता. त्यामुळे सेनगाव तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात कुणी तसं सांगितलं, की डॉक्टर म्हणून मी आधी खाज कुठवर पसरली ते विचारते.

त्या सकाळी एक बाई चारेक वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पोरीच्या पाठीवर गोल डाग होते, सगळे एकाच मापाचे. खाज नव्हतीच. बिब्बा असा मोजूनमापून उतत नाही.

“बिब्बा उतला, मॅडम. तसंच लिवा,” आई म्हणाली आणि तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जीपला टेकून तिचा नवरा बिडी ओढत होता. मला संताप आला. पण केसपेपरवर संताप लिहिता येत नाही, म्हणून गिळला.

अशा वेळी लेकराला वेगळं विचारायचं असतं. आईला मलम आणायला पाठवलं आणि सिस्टरला जवळ थांबवून घेतलं.

“पाठीला काय झालं गं?” मी विचारलं.

“बिब्बा उतला म्हणायचं हाय,” पोरगी शहाण्यासारखी म्हणाली.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. लेकराचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, असा आमचा नियम. मी मास्तरांची मुलगी, दुसऱ्याचं वाक्य सुधारायला माझा हात कायम शिवशिवतो. तेव्हा मात्र ‘म्हणायचं हाय’सकट सगळं उतरवलं. खाली लिहिलं: सांगितलेलं कारण जखमांशी जुळत नाही, चटके दिल्याचा संशय. सिस्टर पोलिसांना फोन करायला गेली.

आई मलम घेऊन परतली. पोरीला आज भरती करतेय आणि हे कळवणं मला भागच आहे, असं मी तिला समजावलं. तिला वाचता येत होतं. तिनं माझ्यासमोरचा कागद ओढून वाचला.

“असंच म्हणली का ती?”

“हो.”

आता ही भांडणार, असं मला वाटलं. तिनं पदरानं पोरीचं नाक पुसलं.

“मीच शिकवलं तिला,” ती खिडकीबाहेर नवऱ्याकडे बघत म्हणाली. “मॅडम, ते आत आले, कितीबी वरडले, तरी हे खोडू नका.”