चार राउंड

मैदानात पाय ठेवला की आधी चार राउंड, हा माझा नियम. नांदेडच्या आमच्या कॉलेजातून दर उन्हाळ्यात पाच विद्यार्थी लातूरला कबड्डी स्पर्धेच्या इंटर्नशिपला जातात. काम टेबलावर बसून गुण लिहिण्याचं, वेळ नोंदवण्याचं. तरी निवड मी पळवूनच करायचो. पहिले पाच लातूरला, बाकीचे घरी. कुणी कुरकुर केलीच, तर अशी शिट्टी फुंकायचो की त्याची बोलती बंद.

या वर्षी हदगावहून येणारी एक मुलगी अर्ज घेऊन आली. लहानपणीच्या अपघातानं तिचा एक पाय आखूड झालेला. कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे संधीही शेवटची. "तुला पळणं जमायचं नाही गं," मी म्हणालो आणि मोठ्या मायेनं तिला पायरीवर बसवून सगळ्यांच्या वेळा लिहायला दिल्या. तिनं आधी कागदावर रकाने आखून घेतले. एवढ्या पोरांचे चारही राउंड लिहिले, पण कागदावर एक खाडाखोड नाही. त्यावरून मी पाच नावं काढली आणि पुरावा म्हणून कागदाचा फोटोही लातूरला पाठवून दिला.

दुपारी तिथल्या आयोजकांचा फोन आला.

"सर, पळणारी पोरं कशाला निवडायलात? पळायला आमचे खेळाडू हायेत की! हा कागद कुणी लिहिला? त्याला पाठवा."

मी फोन ठेवला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी स्वतः कित्येक वर्षांत एक राउंड मारलेला नाही. शिट्टीसुद्धा खुर्चीत बसून वाजवतो. आणि हे मला कधी खटकलंच नव्हतं! स्वतःची चीड आली, लाज तर त्याहून जास्त वाटली.

ती बससाठी निघाली होती. मी लंगडतच गेटपाशी गाठलं तिला.

"यादीत पहिलं नाव तुझं. आणि ते राउंड आता कायमचे बंद."

ती खूश होईल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली,

"सर, मागच्या साली बी मी आले होते. तवा बी तुम्ही मला तिथंच लिहायला बसवलं होतं."

मला काहीच आठवेना. ऑफिसात येऊन कपाट उघडलं, मागच्या वर्षीचा कागद काढला. तेच अक्षर, तेच नीट आखलेले रकाने. खाली माझी सही होती. त्याच्या आदल्या वर्षीचा कागद काढायला मात्र हात धजेना.