झोळीत आडवं होताना

माझ्या पाठीच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. वाकून ओझं उचलायचं नाही आणि जमिनीवर झोपायचं नाही. पहिली मी आनंदाने पाळते. घरातली जड कामं नवऱ्याकडे गेली, त्याचं मला तिळमात्र दुःख नाही. दुसरीने मात्र सहा वर्षं माझा जीव खाल्ला.

आम्ही चौघी डी.एड.च्या वर्गातल्या मैत्रिणी. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, मुलं झाली, मुलं शिंगं फुटून निघूनही गेली, पण वर्षातली एक रात्र घरच्यांना घरी ठेवून उघड्यावर काढायची, हा नेम आम्ही कधी मोडला नाही. दिवस थंडीचे, जागा पवनेच्या काठची, एका ओळखीच्या शेतकऱ्याची आमराई. आधी ताडपत्री आणि गोधड्या असत, मग तंबू आले. या प्रकाराला आम्ही नुसतं ‘मुक्काम’ म्हणतो.

पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून मी मुक्कामाला जाते, पण मुक्काम करत नाही. दुपारी हे मला सोडायला येतात, गाडीची काच खाली करून विचारतात, “न्यायला कधी येऊ?” आणि मी म्हणते, “सहाला.” सहाच्या ठोक्याला हॉर्न वाजतो. तेव्हा नेमकी चूल पेटलेली असते, वांगी भाजायला टाकलेली असतात आणि कोणीतरी वर्गातल्या जुन्या मास्तरांची नक्कल करायला उभी राहिलेली असते. त्या तिघी मला गाडीपर्यंत पोचवतात आणि हातात भरताचा डबा देतात, आजारी माणसाला द्यावा तसा. मला त्या डब्याचा भयंकर राग येतो. भरीत मी खाते, पण राग येतो.

गेल्या थंडीत तिघींनी परस्पर ठरवलं, की आता तंबू पुरे, लोणावळ्यात हॉटेलात खोल्या घेऊ. “म्हणजे तुलाही राहता येईल,” एकीने फोनवर सांगितलं. तिचं प्रेम मला कळत होतं, तरी फोन ठेवल्यावर मला रडू आलं. माझ्या एका मणक्यापायी चौघींच्या डोक्यावरचं आभाळ जाणार आणि तिथे गुळगुळीत छत येणार. मग कसला मुक्काम! मी परत फोन लावला आणि म्हटलं, मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्या. तोवर झोपायची सोय झाली नाही, तर मुकाट्याने हॉटेलात येईन आणि पुन्हा आमराईचं नाव काढणार नाही. खोल्या धरून ठेवलेल्याच होत्या. रविवारी संध्याकाळी हो किंवा नाही कळवायचं ठरलं.

जमिनीवर झोपायचं नाही, खाट आमराईत नेता येत नाही, म्हणजे उरलं टांगून घेणं. आमच्या तळेगावच्या घरात हा विचार मी बोलून दाखवला तेव्हा हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “छान. बारसं कधी करायचं?”

पण मनापासून कामाला लागले तेही हेच. यांचा जन्म गेला वराळ्याजवळच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. निवृत्त झाले तरी माणूस अजून तपासणीतच आहे. भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा दोन्ही टोकांना दाबून घेतात. वस्तू घ्यायची तर आधी वाईट अभिप्राय वाचायचे, हा यांचा नियम. चांगलं कोणीही लिहितं, वाईट लिहिणाऱ्याने ती वस्तू वापरलेली असते, असं यांचं म्हणणं.

मी मात्र तपासणीबिपासणीच्या आधीच घाई केली. भुशीच्या रस्त्यावर एका दुकानाबाहेर दोऱ्यांच्या जाळीचा झोपाळा लोंबकळत होता, चिक्कीच्या पाकिटांच्या आणि प्लॅस्टिकच्या चेंडूंच्या मधोमध. तो उचलला आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दोन बदामांना बांधला. आत बसले मात्र, माझे गुडघे माझ्या नाकापाशी आले. पाठीचं केळं झालं. हे दोन्ही हात धरून मला ओढत होते आणि मी “हळू, हळू” ओरडत होते, तेव्हा बाकावरचं सगळं ज्येष्ठ मंडळ बघत होतं. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, ‘बागेतील झाडांना काहीही बांधु नये.’ ‘बांधु’ ऱ्हस्व. मी पेनने दीर्घ करून आले.

मग पुण्यातल्या दुकानात एक पाहिला. डोक्याशी आणि पायाशी लाकडी दांडा, मधे कापड ताणलेलं. दिसायला अगदी पलंग. दुकानदार म्हणाला, बसून बघा मॅडम. यांनी आधी तळहाताने एका कडेला दाब दिला, तर त्या पलंगाने गर्रकन कोलांटी मारली. आम्ही दुकानदाराचे आभार मानून बाहेर पडलो.

त्यानंतर आली ती खरी निवड. रोज जेवण झालं की आम्ही दोघं फोनमध्ये डोकं घालून बसायचो. झाडांना टांगायचे तंबूही मिळतात, हे तिथे कळलं. त्यांना झाडाला बांधायचे पट्टे असतात, ते रुंद हवेत, म्हणजे साल सोलत नाही. मच्छरदाणी हवी, वर पावसापाण्याचं छत हवं, तंबूच्या तळाला गादी सरकवायला खिसा हवा, आणि बाथरूमला जायची वेळ आली तर क्रेन न बोलावता बाहेर पडता आलं पाहिजे. ही शेवटची अट माझी. हे सगळं ज्यात होतं, त्याच्या जाहिरातीचं मराठी फोनने स्वतःच करून दिलेलं होतं, ‘आरामदायक सपाट घालणे झूला तंबू’. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईने हे वाक्य वाचून तंबूच नाकारायला हवा होता. पण ‘सपाट’ या शब्दावर माझा जीव जडला. वाईट अभिप्राय यांनी तीनदा वाचले. सगळ्यांची एकच तक्रार होती, की वजन जास्त आहे. “ते मी उचलणार,” हे म्हणाले, आणि तंबू मागवला.

तो शनिवारी आला. सोसायटीत बांधायची सोय उरली नव्हती, म्हणून रविवारी सकाळी आम्ही औंढ्याला गेलो. यांच्या कारखान्यातल्या एका मित्राचं तिथे शेत आहे. मित्र कामावर गेला होता, घरी फक्त त्याची आई होती. सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या मावशी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. भात कधीच घरात आलं होतं आणि समोरचं वावर नुकतं नांगरून ठेवलेलं होतं. बांधावर एक आंबा आणि एक जांभूळ, आमच्यासाठीच लावल्यासारखी.

“काय वो ही झोळी! येवढ्या मोट्या झोळीत घालायचं कुनाला?” मावशींनी विचारलं.

यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“आगं बया!” म्हणून मावशी सूप बाजूला ठेवून बांधावरच येऊन बसल्या.

यांनी आंब्यापासून जांभळापर्यंत टेप लावला, पट्टे बांधले, काड्या खोचल्या, गादी खिशात सरकवली. सोबत आलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता, बारीक अक्षरांत. यांनी त्याचा फोटो काढून फोनला मराठी करायला लावलं आणि मोठ्याने वाचायला लागले. ‘पट्टा वृक्षास आलिंगन द्या.’ ‘आसनावर बसणे घ्या.’ मी कान झाकून घेतले. शेवटचं वाक्य मात्र होतं, ‘मग आडवे व्हा.’

“हे एक तरी शुद्ध लिहिलंय मेल्याने,” मी म्हटलं आणि आडवी झाले. डोकं आंब्याकडे, पाय जांभळाकडे.

पुन्हा केळं. त्याच जुन्या भुशीच्या जाळीतलं, फक्त महाग कापडातलं. हनुवटी छातीला टेकली, कमरेत कळ गेली. गादी भलतीकडेच जात होती, तिचा अर्धा भाग माझ्या एका बाजूने बाहेर आणि अर्धा दुसऱ्या.

“खिसाच चुकीचा शिवलाय,” हे चष्मा वर करून म्हणाले. “गादी उभी यायला पाहिजे, या कंपनीवाल्यांनी आडवी घातलीय. हा माल मी कारखान्याच्या दारातून परत पाठवला असता.”

मी वर जांभळाच्या पानांकडे बघत राहिले. संध्याकाळी काय कळवायचं ते आता ठरलंच होतं. हॉटेलातली खोली, पांढऱ्या चादरी, आणि त्या तिघी माझ्यासाठी हसतमुखाने एसी लावून बसलेल्या. मला स्वतःच्या पाठीची इतकी चीड आली, की डोळ्यांत पाणी आलं. ते यांना दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं, तर समोर मावशी.

“बाई, आडव्या व्हा की!” त्या म्हणाल्या.

“आडवीच झालेय मावशी.”

“कुटं आडव्या? उब्या हायसा तुमी.”

मला वाटलं, मावशींची नजर गेली असावी. “मावशी, मी झोपलेय,” मी जरा मोठ्याने सांगितलं.

“झोपलाय व्हय, पन उब्या झोपलाय.” त्या उठल्या आणि हात लांब करून समोरचं वावर दाखवलं. “ते बगा. आदी उबी नांगरट केली, मंग आडवी. ह्या आंब्यापासनं त्या जांबळापत्तोर जातं, ते उबं. त्येला छेदून जातं, ते आडवं. गादी आडवी हाय, मंग मानसानं बी आडवंच पडायचं. गादी हिकडं न् तुमी तिकडं, कसं जमायचं?”

यांनी हळूच फोन काढला आणि पुन्हा वाचलं, “मग आडवे व्हा.” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या फोनने आयुष्यात पहिल्यांदा बरोबर मराठी लिहिलं होतं, आणि ते कळलं नाही मराठीच्या बाईंना. एका शब्दाचे दोन अर्थ म्हणजे श्लेष, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. उदाहरण विचारलं की हात वर न करणाऱ्या मुलांना मी काय काय बोललेय, ते आठवून मला तिथल्या तिथे घाम फुटला.

“खिसा बरोबर शिवलाय,” हे पुटपुटले. माल परत पाठवण्याची भाषा करून ती मागे घ्यायची त्यांची बहुधा पहिलीच वेळ असावी.

मी खाली उतरले, झोपाळ्यावर बसतात तशी मधोमध बसले, पाय वर घेतले आणि झाडांना छेदून आडवी झाले. डोकं घराकडे, पाय वावराकडे. कापड खांद्यांखाली ताणलं गेलं, कमरेखाली ताणलं गेलं, टाचा टेकल्या. मी कळ यायची वाट पाहत होते. ती आली नाही.

यांनी पिशवीतून पाणसळ काढली. गवंडी भिंतीवर ठेवतो तीच, बुडबुड्याची. घरून निघताना ती कधी घेतली होती देव जाणे. माझ्या शेजारी गादीवर ठेवून ते एक डोळा बारीक करून बघत बसले. बुडबुडा जरा हलला आणि मधे येऊन थांबला.

“पास,” हे म्हणाले. माझ्या पुरणपोळीला या माणसाने आजवर ‘ठीक’च्या वर गुण दिलेले नाहीत.

त्यानंतरचं मला आठवत नाही, कारण मी झोपले. जाग आली ती चहाच्या वासाने. ऊन वावराच्या पलीकडे सरकलं होतं आणि मावशींच्या सगळ्या शेंगा सोलून झाल्या होत्या. मला हलताना पाहून हे लगबगीने आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सहा वर्षं सकाळी पलंगावरून मी त्याच हातांना धरून उठते. पण माझे पाय तोवर जमिनीला लागले होते आणि मी उभी होते. त्यांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले आणि उगाचच पट्ट्याची गाठ तपासली.

“उटल्या की वो आपल्या आपन,” मावशी म्हणाल्या. “घ्या च्या.”

चहा पिता पिताच मी मैत्रिणीला फोन केला. “खोल्या सोडून दे.”

“आणि तू?”

“मी माझी खोली घेऊन येतेय. झाडाला टांगायची.”

पुढच्या शनिवारी हे मला आमराईत सोडायला आले. आंब्याची दोन झाडं निवडली, पट्टे बांधले, तिघींच्या देखत पाणसळ लावली. त्या पोट धरून हसल्या, तरी यांनी बुडबुडा मधे आल्याशिवाय जागा सोडली नाही. मग गाडीत बसले, गाडी वळवली आणि नेहमीसारखी काच खाली केली.

“न्यायला कधी येऊ?”

“सहाला,” मी म्हटलं. सहा वर्षांची सवय, जीभ आधी बोलून गेली. मागे तिघींचं हसणं थांबलं. यांचा चेहरा असा उतरला, जणू पाठ त्यांचीच दुखत होती.

मी खिडकीशी वाकले. म्हणजे डॉक्टर परवानगी देतात तेवढीच.

“उद्या हो,” मी म्हटलं. “आणि सहाला नका येऊ. मला झोपू द्या.”