नळीवरचं हृदय आणि आमचे आबा

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सांगलीला नोकरीला पाठवलं ते एका वर्षाच्या बोलीवर. म्हसवडकडच्या आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिलीच, म्हणून एवढे लाड. वर्षभर हौस भागवायची आणि मुकाट्याने घरी यायचं. सत्तरच्या दशकात पोरीला एवढी मोकळीक म्हणजे काय कमी होती? मी मान डोलावली आणि मनात म्हणाले, बघू पुढचं पुढे.

नोकरी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तिथले आमचे सर साताऱ्याचे, हृदयाचे डॉक्टर. माणूस गायीसारखा गरीब, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाही. थकलेल्या हृदयाचं काम थोडा वेळ हलकं करेल असा पंप त्यांना बनवायचा होता. जीपच्या वायपरची मोटर, रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि दोन झडपा, एवढ्या भांडवलावर तो उभा राहिला होता. माणसाच्या जवळ नेण्याआधी तो बोकडाच्या हृदयावर तपासायचा होता.

बोकड कापला की हृदय लगेच बर्फात ठेवलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून आणायचं आणि काचेच्या नळीवर टांगायचं. नळीतून प्राणवायू मिसळलेलं कोमट मीठ-साखरेचं पाणी त्याच्याच रक्तवाहिन्यांत सोडायचं. बघता बघता ते धडधडायला लागतं. बोकड तिकडे तराजूत आणि हृदय इकडे आपल्या नादात चालू! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. ही सर्कस नव्हे, असं सर म्हणाले, पण हसले तेही.

हृदय आणायचं काम माझ्याकडे. सकाळी थर्मास घेऊन खाटकाच्या दुकानापुढे माझा पहिला नंबर. जन्म गेला शेळ्यामेंढ्यांत, मला कसली लाज वाटणार? लाज वाटली ती आमच्या एका पाहुण्याला. त्याने मला तिथे उभी बघितली आणि गावात जाऊन तिखटमीठ लावून सांगितलं. त्याचं भलं होवो. वर्ष भरायला अजून दोन महिने होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर घोंगडं टाकून आबा प्रयोगशाळेच्या दारात हजर. सामान बांध, एवढंच म्हणाले.

मला जायचं नव्हतं. त्या खोलीवर, त्या वासावर, त्या चालत्या हृदयांवर माझा जीव जडला होता. पण आबांशी हुज्जत घालून उपयोग नसतो हे मला ठाऊक, म्हणून म्हटलं, हृदय आत्ताच टांगलंय, अर्ध्यावर टाकून कशी येऊ? तासभर बसा. ते कुरकुरत स्टुलावर बसले.

आमचं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हृदयाच्या कप्प्यात येणारं पाणी पंप ओढून घ्यायचा आणि त्याच्याऐवजी पुढे ढकलायचा; पण तो लावला की पंधरा मिनिटांत हृदय मान टाकायचं. सर मग पुढच्या वेळी पंपाचा जोर आणखी वाढवायचे. पंप जितकं जास्त काम करील तितका हृदयाला आराम, हे त्यांचं म्हणणं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलेलं होतं.

त्या दिवशीही तेच. हृदय थकावं म्हणून सरांनी प्राणवायू कमी केला. ठोके मंदावले. हृदयाला दोऱ्याने जोडलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर नक्षी काढत असायची, तिची शिखरं बुटकी झाली. मग प्राणवायू पहिल्यासारखा करून सरांनी पंप लावला, पुऱ्या जोरात. पंपाने आतलं सगळं ओढून घेतलं, हृदय चपटं पडायला लागलं आणि नक्षीची सरळ रेघ व्हायला आली.

आबा उठून जवळ आले. किती वेळ टक लावून बघत होते कुणास ठाऊक.

"आवं डाक्टर, तुमी त्याला पार उचलूनच धरलंय. पाय भुईला लागू द्या की त्याचं."

सरांना ओ की ठो कळलं नाही. मला मात्र चटकन कळलं आणि स्वतःचाच असा राग आला म्हणता! अशक्त कोकराला उभं करताना पोटाखाली नुसता हात द्यायचा असतो. लहानपणी मी एकाला अलगद वर उचलून धरलं होतं, तेव्हा आबांनी माझ्या हातावर चापट मारली होती. पायावर भार आला नाही तर ते उभं कसं राहणार?

सरांना न विचारताच मी पंपाचं बटण फिरवलं. जोर निम्मा केला, मग निम्म्याहून कमी. हृदय हळूहळू भरलं, फुगलं आणि त्याने चांगला दणका दिला. काडी वर उडाली. पंधरा मिनिटं गेली, तास गेला, हृदय चालूच. शेवटी सरांनी पंप बंद केला. नक्षी थोडी खाली आली. आम्ही श्वास धरून उभे. आणि ते आपलं आपण चालत राहिलं!

सर लहान पोरासारखे हसत सुटले. आबांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि वही काढून कोकरांविषयी विचारत बसले. आबांना तेवढ्यात एकच चौकशी करायची होती, बाकीचा बोकड गेला कुठं.

चहा संपला. आबांनी घोंगडं उचललं. मीही जड हाताने अंगावरचा पांढरा कोट काढायला लागले.

"तू कुटं निगालीस?" आबा म्हणाले.

ते सरांकडे वळले.

"हिला हात देत ऱ्हावा, डाक्टर. पर लय न्हाई."

आणि मागे वळून न बघता ते स्टँडकडे चालते झाले. मी दारात उभी राहून ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि आत गेले, कारण हृदय अजून चालू होतं आणि नोंदी घ्यायच्या राहिल्या होत्या.