पक्क्या करून आणलेल्या नोटा

नेरमध्ये माझी ओळख दोन प्रकारची आहे. शाळेतल्या पोरांसाठी मी भूगोलाचा सर आणि त्यांच्या बापांसाठी नोटावाला सर. दुसरी ओळख जास्त पसरली, कारण भूगोल कुणाला विकायचा नसतो. पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट मात्र सगळ्यांना विकायची असते. ही नोट कुणीतरी लाखांत घेतं, असा एक मेसेज मोबाइलवर दर उन्हाळ्यात फिरतो आणि त्याच्यामागोमाग माणसं माझ्या दारात येतात. कुणी बाभुळगावहून गाडीत पेट्रोल टाकून येतं, कुणी बोरी अरबवरून एसटीने. मी त्यांना पाणी देतो, चहा देतो आणि सांगतो की या नोटेचे पाच रुपये येतात, तेही दुकानदाराचा मूड चांगला असेल तर. माणूस चहा पितो आणि सगळे लाख मीच एकट्याने दाबून ठेवल्यासारखा माझ्याकडे बघतो. जाताना नोट नीट घडी करून परत खिशात ठेवतो.

मी जमवतो त्या नोटा वेगळ्या. ७८६ नंबरची नको, चुकीची छापलेली नको, राजेमहाराजांची नको, शून्यांची आगगाडी असलेली तर नकोच नको. कुठल्याही देशातली सगळ्यात लहान, रोज हाताळली जाणारी, आपल्याकडे जिचं एक चॉकलेटही येणार नाही अशी नोट मला लागते. सुरुवातीला दुसऱ्या परवडत नव्हत्या म्हणून याच घेत होतो. पुढे पगार वाढला, पण तोवर सवय लागली होती, मग त्या सवयीला मी तत्त्व म्हणू लागलो. बायको अजून सवयच म्हणते.

माझं एक निरीक्षण आहे. मोठ्या नोटांवर मोठी माणसं असतात आणि सगळी फोटोवाल्यासमोर बसल्यासारखी ताठ असतात. लहान नोटांवर पाखरं, जनावरं, कामं करणारे हात दिसतात. बांगलादेशच्या दोन टाकांच्या नोटेवर दयाळ पक्षी होता, मंगोलियाच्या नोटेवर घोडे चरतात, सुदानच्या एका पाउंडावर कबुतरं आहेत, लाओसच्या नोटेवर गुरं. उझबेकिस्तानच्या नोटेवर त्यांच्या सरकारचं चिन्ह आहे आणि त्यात कापसाची फुटलेली बोंडं आहेत. ही नोट मी मोठ्या हौसेने आमच्या इथल्या कापसाच्या एका व्यापाऱ्याला दाखवली होती. त्याने चष्मा वर करून ती बराच वेळ निरखली आणि धागा आखूड दिसतो म्हणून परत दिली.

या नोटा येतात कुठून, हे लोक नेहमी विचारतात. आखातात गाड्या चालवायला गेलेली आमच्या मोहल्ल्यातली पोरं तिथे एकेका खोलीत चार देशांच्या माणसांबरोबर राहतात. सुटीवर येताना ती माझ्यासाठी खोलीतल्यांच्या खिशातली मोड मागून आणतात. थोड्या नोटा मी टपालाने मागवल्या. आणि एक आईने आणली. विहारातल्या बायांची सहल लुंबिनीला गेली होती तेव्हा तिला चहाच्या टपरीवर उरलेल्या पैशात नेपाळची पाच रुपयांची नोट मिळाली. तिच्यावर हिमालय आणि याक आहेत. आईने ती पदराच्या गाठीत बांधून नेरपर्यंत आणली आणि माझ्या हातात देताना विचारलं, ‘‘एवढ्या केसाची म्हैस दूध किती देत असन?’’ मी ती अल्बमच्या शेवटच्या पानावर लावली.

आई तिसरी शिकलेली आहे. पण कागदाची किंमत तिच्याइतकी आमच्या घरात कुणाला कळत नाही, कारण आमच्या घरात जमीन थोडी आणि कागद फार. माझी दहावीची मार्कशीट एका पावसाळ्यात टिनाखाली भिजली आणि सगळे आकडे एका बाजूला वाहून गेले. दुसरी मिळवण्यासाठी मी आणि वडील किती फेऱ्या मारत होतो ते आठवलं की अजून पाय दुखतात. तेव्हापासून आईने ठरवलं, की जो कागद महत्त्वाचा तो लॅमिनेट झालाच पाहिजे. माझ्या सगळ्या मार्कशीटा, बायकोचं डीएड, जातीचे दाखले, वडिलांचं नोकरीचं पत्र आणि वडील गेल्यावर त्यांचा मृत्यूचा दाखलासुद्धा तिने स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून आणला. याला ती ‘पक्कं करणं’ म्हणते. माझ्या नोटा मात्र तिने कधी पक्क्या करायला काढल्या नव्हत्या. त्यांना ती ‘तुह्ये ते कागद’ म्हणायची आणि सांभाळून झाडू मारायची.

अमरावतीच्या नोटा-नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाने मला प्रदर्शनात अर्धं टेबल द्यायचं ठरवलं, तेव्हा मी फार आनंदलो. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं मी या नोटा शाळेतल्या पोरांना आणि ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकांना दाखवत आलो होतो. दोघांचीही नजर घड्याळाकडे असे. आता ज्यांना कळतं ती माणसं बघणार होती. मंडळाची अट एकच होती, नोट मूळ रूपात पाहिजे. चिकटपट्टी नको, इस्त्री नको, धुतलेली नको. माझ्या नोटा गरीब होत्या, पण त्यांना कुणी काही केलेलं नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

जेवताना आईने सगळं विचारून घेतलं. लोक येतील का, किती येतील, पुण्या-मुंबईचे येतील का. मग तिने विचारलं, की ते हात लावतील का. मी म्हणालो, लावतील. ती घास घेता घेता थांबली. अल्बमचे कप्पे वरून उघडे असतात, त्यात पाणी जाऊ शकतं, घाम जाऊ शकतो, चहा सांडू शकतो, असं ती बायकोला नंतर म्हणाली म्हणे. बायकोने ते मला तेव्हा सांगितलं नाही, कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मी शाळेतून आलो तर आई ओसरीत खुर्चीवर बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी होती. तोंडावर हसू होतं, पण ती ते दाबून धरत होती. पायसुद्धा धुऊ न देता तिने पिशवी माझ्या हातात दिली.

‘‘घे. तुह्या नोटा पक्क्या करून आणल्या. आता कोणी हात लावो की पाय लावो.’’

पिशवीतून खुळखुळ आवाज आला. नोटेचा असा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. एकेक नोट जाड प्लास्टिकमध्ये कडक होऊन बसली होती, कडा कात्रीने गोल कापलेल्या. दयाळाच्या चोचीजवळ हवेचा बुडबुडा राहिला होता. सुदानच्या कबुतरांशेजारी एक मुंगी कायमची राहायला आली होती. कापसाच्या बोंडांना इतकी चकाकी आली होती, की व्यापाऱ्याने आता भाव वाढवून दिला असता. मी सगळ्या वरखाली करून बघितल्या. मोजल्या नाहीत, मोजण्याची इच्छाच राहिली नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, ‘‘चांगलं केलं, माय.’’

मग मोरीत जाऊन पाय धुतले आणि बराच वेळ धूतच राहिलो. मला रडायला येत होतं आणि त्याचा रागही येत होता. मरतुकड्या कागदांसाठी पन्नाशीतला माणूस मोरीत रडतो, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. बायको टॉवेल घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, की आता त्यांना काही बोलू नका. मी म्हणालो, मी कुठे काय बोललो.

संध्याकाळी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. लॅमिनेशन काढता येतं का, असं विचारल्यावर त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला की सरच्या नोटा म्हणून मी सगळ्यात जाड प्लास्टिक लावलं, मशीन दोनदा फिरवलं, तुमच्या माय उभ्या राहून एकेक करून घेत होत्या. त्याला वाटलं माझी क्वालिटीबद्दल तक्रार आहे. ‘‘वापस भिजवून पाहा न सर, काई होणार नाई. गॅरंटीचं काम आहे,’’ तो म्हणाला. तेच तर दुखणं होतं.

प्रदर्शनाला जायचं नाही असं मी ठरवलं. ताप आहे म्हणून सांगणार होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळ करून, पांढरी साडी नेसून, विहाराच्या कार्यक्रमाला घालते ती चप्पल घालून तयार बसली. प्रदर्शन उद्या आहे हे सांगितल्यावर तिने साडी बदलली, घडी करून गादीखाली ठेवली आणि म्हणाली, मग उद्या. एवढ्या तयारीपुढे ताप टिकला नसता.

एसटीत आई खिडकीशी बसली आणि पिशवी तिने स्वतः धरली. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर नोटा खुळखुळत होत्या. मी मनात एकेक वाक्य जुळवत होतो. तिला बाहेर खुर्चीवर बसवायचं, आत जाऊन मंडळाच्या अध्यक्षांना कानात सांगायचं, टेबल दुसऱ्याला द्यायचं आणि आईला सांगायचं, की आज गर्दी फार आहे, आपला नंबर पुढच्या वेळी. आईला कळता कामा नये, एवढं एकच मला पाहिजे होतं. नोटा तर गेल्याच होत्या.

यातलं काही जमलं नाही. अध्यक्ष दारातच उभे होते. ते निवृत्त इंजिनिअर, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी आईला नमस्कार केला आणि तिच्याच हातातल्या पिशवीतून वरची नोट घेतली. बोटाने नोटेवर टिचकी मारली. टक्, असा आवाज आला. आजूबाजूचे दोन-तीन जण वळले. अध्यक्षांनी ती नोट तव्यावरून उतरवलेल्या पोळीसारखी दोन बोटांत धरली आणि फार मृदू आवाजात सांगितलं, की घरी शोभेला ठेवायला छान आहेत, पण आता या नोटा म्हणता येणार नाहीत, टेबलावर लावता येणार नाहीत. अजून एखादी मूळ रूपातली असेल तर जरूर लावा, तुमची जागा आहे.

ते गेले. आई हॉलमध्ये सगळीकडे बघत होती. प्रत्येक टेबलावर नोटा मऊ, सुट्या, वरून उघड्या कप्प्यांत होत्या. लोक त्या बाहेर काढत होते, उजेडासमोर धरत होते, कागद बोटांनी चाचपत होते. एकाच्याही नोटा पक्क्या नव्हत्या. आईला एकदा नजर फिरवली की पुरतं.

‘‘म्या खराब केल्या काय रे?’’

एसटीत जुळवलेली सगळी वाक्यं होती, पण त्यातलं एकही त्या वेळी तोंडात आलं नाही.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

तिने मान हलवली. रडली नाही. दाखला चुकीच्या नावाने आला तर ऑफिसात जसं तोंड करून उभी राहते तशी थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, तवाच सांगाचं होतं नं. आणि कमरेचा बटवा काढून त्यात बोटं घालू लागली. सुपारी निघाली, एसटीचं तिकीट निघालं, औषधाची पट्टी निघाली. तिच्या खालून चार घड्या केलेला एक कागद निघाला. तिने तो तळहातावर उलगडला. याक होते.

‘‘मंग हे चालते काय?’’

मी विचारलं, ही कशी राहिली.

‘‘त्या झेरॉक्सवाल्यानं भाव वाढवला. एका नोटेचे पैसे कमी पडले. दुसऱ्यायनं आणेल नोटा कशा काढू? म्हणून माह्यी काढली. म्हटलं, हे काय, चहावाल्याची तं आहे.’’

मी अध्यक्षांना बोलावून नोट दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, घड्या बघितल्या, सुपारीचा वास घेतला आणि म्हणाले, मूळ रूपात आहे. त्यांनी स्वतः कार्ड लिहून दिलं, नेपाळ, पाच रुपये. संग्राहक म्हणून माझं नाव लिहायला लागले तेव्हा मी त्यांना आईचं नाव सांगितलं.

दिवसभर अर्ध्या टेबलावर ती एकच नोट होती. बाकीच्या पिशवीत, टेबलाखाली, कुणाचा पाय लागला की खुळखुळत होत्या. आई खुर्ची ओढून नोटेशेजारी बसली. लोक येत, एवढ्या मोठ्या जागेत एकच चुरगळलेली नोट बघून थांबत, पण पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बाईसमोर ती उचलायला कचरत. आई त्यांची वाट बघत नसे. नोट स्वतः उचलून प्रत्येकाच्या हातात देत होती.

‘‘हात लावून पाहा,’’ ती म्हणत होती. ‘‘कच्ची आहे.’’