चुन्याची रेघ

विद्यापीठाचा कुलगुरू झालो तेव्हा सत्काराच्या भाषणांत माझ्या अचूकपणाचं फार कौतुक झालं. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी निजाम सरकारच्या बांधकाम खात्याने मला तेलगावकडच्या एका ओढ्यावर तलावाच्या मोजणीला पाठवलं होतं. पाणी कुठवर चढेल ते दुर्बिणीतून पाहायचं आणि गावातल्या घरांवर तिथे चुन्याची रेघ मारायची, एवढंच काम. रेघ कुठे कमरेएवढी आली, कुठे छातीएवढी. बायका रडल्या नाहीत; रेघेकडे नुसत्या बघत राहिल्या. मला ते सोसेना, म्हणून तंबू लवकर हलवला.

कामाची वाहवा झाली आणि हैदराबादेत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायला माझी नेमणूक झाली. एकदा वर्गात नमुना म्हणून तीच वही उघडली. फळ्यावर आकडे मांडता मांडता हात थांबला. एका जागी वजा करायचं ते मी मिळवलं होतं. गाव होतं त्याहून दोन पुरुष उंचीइतकं खाली दाखवलं गेलं होतं. पाणी तिथवर कधीच येणार नव्हतं.

गाव उठायला अजून चार महिने होते. एक पत्र पुरलं असतं. पण नवी नोकरी, नवा मान. मी मूग गिळून बसलो. भित्रा होतो, याला दुसरा शब्द नाही.

बऱ्याच वर्षांनी, कुलगुरू झाल्यावर, बीडला एका शाळेच्या समारंभासाठी गेलो आणि परतताना गाडी त्या गावाकडे वळवली. गुढीपाडवा उद्यावर आला होता; भर दुपार होती. तलाव खाली, दूर चकाकत होता. गाव सोडताना लोकांनी छपरांचे आढी-वासे काढून नेले होते. उरल्या होत्या भिंती. एक कुत्रं नाही, कावळा नाही. रेघा पुसट झाल्या होत्या. एकाच घरावरची मात्र पांढरीशुभ्र होती. चुना अजून ओला होता.

आत एक धनगराची म्हातारी होती. एकटीच. रेघेच्या खाली घरात काहीही नव्हतं. गाडगी, घोंगडी, देव, सगळं शिंक्यांवर आणि माळ्यावर. झोपायलाही ती शिडीने वर जायची. दर दिवाळीच्या आणि पाडव्याच्या तोंडावर रेघ नव्याने ओढते, असं तिने सांगितलं.

मी धीर करून म्हणालो, "आजी, ती रेघ चुकली होती. पाणी इथं येणार नाही."

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. "रेघ वढनारा साहेब लई शिकलेला व्हता. त्यो कावून चुकंल? पानी येतंय बाबा. हळू येतंय."

तो साहेब मीच, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. तिने पाण्याची घागर पुढे केली, हात पुरत नाही म्हणाली. मी ती उचलली आणि रेघेच्या वर नेऊन ठेवली.