पावणेआठचं माप

मास्तरांकडे मी बावीस वर्षं काज-बटणं करते आहे. दाराजवळचं स्टूल माझं, खिडकीतला उजेड माझा, आणि दुकानात जे काही चालतं त्यावर बोलायचा हक्कही माझाच. तो मला कुणी दिलेला नाही, मी घेतला. म्हणून ही हकीकतही मीच सांगते आहे. मास्तर कमी बोलतात, आणि बोलले तरी ओठांत टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे अर्धं कळतच नाही.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, तिथे मास्तर आणि वहिनी झोपतात. पुढे दोन मशिनी, तयार कपड्यांचा दांडा, आरसा आणि मधोमध कापायचं टेबल. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, वर जाड घोंगडी ताणून बसवलेली. दिवसा त्यावर कापड बेतलं जातं, रात्री त्यावरच गादी पडते आणि दोन्ही मुली झोपतात. लोळत खाली येऊ नयेत म्हणून मास्तर रात्री कडेला फळी लावतात. थोरली चौथीत, शांत आणि जराशी शिष्ट. धाकटी दुसरीत, हडकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून मी तिला टाचणी म्हणायला लागले. आता शाळेच्या हजेरीपटाबाहेर तिला दुसरं नाव उरलेलं नाही.

तर मुलींची झोपायची वेळ म्हणजे टेबल मोकळं होण्याची वेळ. कधी नऊ, कधी साडेदहा. गिऱ्हाईक कामावरून सुटून येणार, त्याला नाही कसं म्हणायचं? शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांची झुंबड असली की विचारूच नका. टाचणी टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात पेंगायची. मग कुणीतरी उचलून वर ठेवायचं, की ही टक्क जागी. पाणी मागायची, बहिणीशी भांडायची. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण एवढ्या बाबतीत मीही गप्प बसले.

सहामाही परीक्षा झाल्यावर टाचणीच्या वर्गाच्या बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. परत आले ते तोंड पाडून.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

"तिसऱ्या तासाला ही बाकावर डोकं टेकते म्हणे. अक्षरं ओळखते, पण शब्द जुळेपर्यंत डुलकी लागते. असंच चाललं तर पुढच्या वर्षी पुन्हा दुसरीत बसवणार." मास्तर खुर्चीत बसले. "त्यांच्या शाळेचे दोनशे गणवेश मी शिवले, आणि माझीच पोर त्यात झोपा काढते."

"मग तुम्ही काय बोललात?"

"त्यांनी विचारलं, घरी किती वाजता झोपते? मला सांगता येईना. म्हणाल्या, लवकर झोपवा हो, त्यात काय एवढं अवघड आहे."

निम्म्या वस्तीच्या कमरेचे घेर तोंडपाठ असलेला माणूस, आणि पोटच्या पोरीच्या झोपेची वेळ ठाऊक नाही. मास्तरांना हेच फार लागलं. दुपारी जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मापाची वही उघडली आणि एका कोऱ्या पानावर दोन्ही मुलींची नावं घातली. आठवडाभर लिहीत होते. पहिली जांभई कधी, चिडचिड कधी सुरू झाली, सकाळी किती हाका माराव्या लागल्या. मग शाळेला तीन दिवस सुट्टी आली. त्या तीन दिवसांत टेबल लवकर मोकळं केलं आणि सकाळी कुणाला उठवायचं नाही असं ठरवलं. पहिल्या दिवशी टाचणी इतकी झोपली की वहिनींनी दोनदा जाऊन कपाळाला हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी आकडा स्थिर झाला. टाचणीला साडेदहा तास लागतात, थोरलीला पावणेदहा. सव्वासहाला उठायचं, म्हणजे टाचणीचा दिवा पावणेआठला बंद, थोरलीचा साडेआठला.

"दोघींना एकच वेळ ठेवा ना," वहिनी म्हणाल्या. "एक झोपणार, एक जागी राहणार, नसती कटकट."

"दोघींना एका मापाचा फ्रॉक घालशील का?" मास्तर म्हणाले. थोरलीने नाक मुरडलं. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी दहापर्यंत जागतात, असं तिने मला तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, त्या मैत्रिणींचं माप काही आम्ही घेतलेलं नाही.

मशीनच्या आवाजाचा प्रश्न नव्हता. या पोरी त्या आवाजातच वाढल्या, तो थांबला तर जाग्या होतात. प्रश्न टेबलाचा. संध्याकाळचं सगळं कापणं आता साडेसातच्या आत उरकायचं. मास्तर घड्याळाकडे बघत कात्री चालवायला लागले. चौथ्याच दिवशी एका हॉटेलच्या वाढप्यांचे सहा शर्ट माझ्याकडे बटणांना आले, तेव्हा बाह्या अजून लावायच्या होत्या. बाराही बाह्या डाव्या. कापड उलट-सुलट वेगळं दिसणारं, उलटून लावायचीही सोय नाही. मी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. सोळाव्या वर्षापासून कात्री धरलेल्या माणसाकडून असं कधी झालं नव्हतं. कापड पदरचं भरून दिलं.

"पूर्वीसारखंच चालू दे," ते वहिनींना म्हणाले. "नाव गेलं तर सगळ्यांचंच जेवण बंद होईल."

तीन दिवस पूर्वीसारखं चाललं. तिसऱ्या संध्याकाळी मास्तर एक पॅन्ट बेतत होते. टाचणी उशी काखोटीला मारून आली आणि टेबलापाशी उभी राहिली. घड्याळात पावणेआठ.

"बाबा, झोपू का?"

"थोडं थांब बाळा."

ती हट्ट करेल असं मला वाटलं होतं. तिने उशी टेबलाखाली टाकली, चिंध्या सारख्या केल्या आणि तिथेच झोपली. शरीराला सवय लागली होती, टेबल मिळो न मिळो. मास्तरांनी खडू खाली ठेवला. बेतलेलं कापड गुंडाळून दांड्यावर टाकलं, गादी घातली, तिला उचलून वर ठेवलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हणाले, "परवा या." मी बावीस वर्षांत ते पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दाराला पुठ्ठ्याची पाटी लागली. अक्षर थोरलीचं होतं. "दुकान सकाळी साडेसहाला उघडेल. संध्याकाळी सातला बंद. आत मुली झोपतात, दार वाजवू नये." मुली उठल्या की गादी गुंडाळायची आणि पहाटेच्या ताज्या डोळ्यांनी कापायचं. बाह्या पुन्हा चुकल्या नाहीत. पण संध्याकाळची बरीच गिऱ्हाइकं तुटली, ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. माझंही काम कमी झालं, खोटं कशाला बोलू? आठवडाभर माझी चिडचिड होत होती.

मग थंडीतल्या एका बुधवारी, सात वाजून गेले होते. मी उरलेले काज संपवत होते. दाराबाहेर कुणीतरी घुटमळत होतं. टाचणी दात घासत होती, तशीच तोंडाला फेस घेऊन तिने दार उघडलं. बाहेर तिच्या बाई, अंगात पातळ स्वेटर, हातात पावती. त्यांचा कोट बाही आखूड करायला आला होता.

"बाबा आहेत का?"

"दुकान बंद आहे," टाचणी म्हणाली, आणि पाटीवर ब्रश टेकवून वाचायला लागली. सावकाश, शब्दागणिक थांबत, पण कुठेही न अडखळता. "दार वाजवू नये" पर्यंत आली आणि बाईंकडे बघितलं.

"पाठ आहे ना तुझी ही पाटी?" बाईंनी हातातली पावती पुढे केली. "हे वाच बघू."

मास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मला अजून लागत नाही. मास्तर मशीनवर होते, त्यांचा पाय थांबला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"कोट एक," टाचणीने वाचलं. "करडा. दोन्ही बाह्या... एक इंच... आखूड. बुधवारी देणे." मग ती मागे वळली. "बाबा, आज बुधवार आहे."

मास्तर उठले. "बाई, चुकलं माझं. राहिलाय. आत्ता लगेच कापून..." आणि टेबलाकडे बघून थांबले. टेबलावर गादी घातलेली, दोन उशा, कडेला फळी. बाईंनीही तिकडे बघितलं. पावतीची घडी घातली.

"सकाळी नेते," मग त्या हळूच म्हणाल्या. "साडेसहाला उघडता ना?"

"थंडी आहे हो बाहेर."

"असू दे. हिला पुन्हा दुसरीत कशाला बसवायचं? तिसरीतच जाऊ दे."

टाचणीने चूळ भरली, घड्याळ बघितलं आणि आपली दहा मिनिटं राहिलीत असं सांगून टेबलावर चढली. बाई तशाच पातळ स्वेटरवर निघून गेल्या. मास्तरांनी दार लावलं, कोट घेतला आणि मशीनवर बसून बाहीची शिवण उसवू लागले. दोनदा त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मी सुईत दोरा ओवत होते. तो काही केल्या ओवला जाईना, म्हणून पावणेआठला टेबलावरचा दिवा बंद झाला तेव्हा मला बरंच वाटलं.